मामाच्या चार सऱ्या

माझा मामा आग लावायचा. एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते. ऊस तोडून टोळी निघून गेली की रानात वाळलेला पाला उरतो. त्याला पाचट म्हणतात. ते गुडघाभर साचतं, पोटऱ्यांना कापतं, आणि त्याच्याखाली उसाचे बुडखे दबलेले असतात. त्या बुडख्यांतूनच पुढचं पीक फुटायचं असतं, खोडवा. तेव्हा पाचट पेटवायचं, दोन तासांत रान काळं आणि मोकळं करून घ्यायचं, हे आमच्या गावात सगळेच करत. आणि पेटवायला सगळे मामाला बोलावत.

काडी काय, कोणीही ओढेल. पण आग बांधापाशी येऊन थांबली पाहिजे, शेजाऱ्याकडे जाता कामा नये, हे मामालाच जमायचं. तरुणपणी तो साखर कारखान्याच्या बॉयलरवर होता. सात वर्षं त्यानं उसाचा चोथा भट्टीत ढकलला. आगीला भूक केव्हा लागते आणि ती तोंड कुठे वळवते हे आपल्याला तिथे कळलं, असं तो सांगायचा. नंतर वाटणीची जमीन कसायला गावात परत आला आणि बघता बघता सगळ्या गावाचा ‘वारामामा’ झाला. त्याच्याहून वयानं मोठी माणसंही त्याला मामाच म्हणत.

त्याचं काम बघण्यासारखं असे. सकाळी दव उडालं की तो रानाला पूर्ण फेरी मारायचा. बांधाकडचं पाचट चार हात आत ओढून घ्यायला लावायचा. मग मूठभर बारीक माती घेऊन हात खांद्याइतका उंच करायचा आणि ती हळूहळू सोडायचा. माती कुठे पडते ते बघायचा. पुष्कळदा तेवढ्यावरच ओला टॉवेल खांद्यावर टाकून घरी निघायचा. “आज नाही.” मालक म्हणायचा, अहो मामा, पाण्याची पाळी उद्या आहे. मामा चालता चालताच सांगायचा, “पाण्याला सांग थांबायला. वाऱ्याला मी नाही सांगू शकत.”

तीस वर्षांत त्याची आग एकदाही बांध ओलांडून गेली नाही. त्याला त्याचा अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, त्याला आग आवडायचीही. पाचट धडधडून पेटलं की तिचा आवाज, पुलाखाली उभं असताना डोक्यावरून मोठी वाहनं गेल्यासारखा येतो. मामा दोन्ही हात कमरेवर ठेवून तो आवाज ऐकत उभा राहायचा. नंतर दिवसभर काळी राख गावावर उडत राहायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, पाण्याच्या टाकीत पडायची. बायका मामाला दारातून शिव्या घालायच्या. माझी आई तर त्याची सख्खी थोरली बहीण, ती राखेनं माखलेली चादर त्याच्या अंगणात नेऊन टाकायची आणि म्हणायची, “घे, तुझी वरात आमच्या दोरीवर उतरली होती. धुऊन आणून दे.” मामी बिचारी हसत हसत ती धुवायची.

आईचं रान आणि मामाचं रान एकाला एक लागून. मधे फक्त एक बांध. वडील गेल्यावर आईनं शेती सोडली नाही. मी शहरात नर्सची नोकरी करत होते, “माझ्याकडे ये” म्हटलं की ती म्हणायची, “तुझ्याकडे येऊन काय करू? तुझ्या कुंड्यांना पाणी घालू?” तिच्या रानातलं पाचट अर्थातच मामा पेटवायचा. दरवर्षी आधी त्याचं, मग दुसऱ्या दिवशी तिचं.

त्या वर्षी तोडणी उशिरा संपली. ऊन चांगलंच तापायला लागलं होतं. मामानं आपलं रान पेटवलं, आणि दहा मिनिटांच्या आत वावटळ उठली. पेटलेल्या पाल्याचा एक पुंजका उचलला गेला, बांधावरून पलीकडे गेला आणि आईच्या रानात पडला. तिथेही गुडघाभर पाचट, चार दिवस उन्हात कडकडीत वाळलेलं. रानाच्या कोपऱ्यात पत्र्याचा, वरून पाल्यानं शाकारलेला गोठा होता आणि गोठ्यात गाय बांधलेली होती.

आई बांधावरच होती. ती गोठ्याकडे धावली. गाय दावं ताणून वेडीपिशी झाली होती, गाठ सुटेना. कोयता शोधून दावं कापेपर्यंत छपराला लावलेला पाला पेटून खाली आला, तो तिच्या उजव्या हातावर. गाय सुटली. आई चालत बाहेर आली, हात समोर धरून, जणू काही तो दुसऱ्या कोणाचा असावा. लोकांनी ओली पोती मारून आग विझवली. आईच्या रानाचा जेमतेम तिसरा भाग जळला होता. तिचा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत भाजला होता.

आमच्याच दवाखान्यात आणलं तिला. पट्ट्या मी बदलायचे. दुसऱ्याचं ड्रेसिंग मी झटपट करायचे, तिचं करताना मात्र पहिले काही दिवस पट्टी इंच इंच सोडवायचे. तीच मला म्हणायची, “हळू कशाला करतेस? लवकर उरक.” मामा रोज सकाळी पहिल्या बसनं यायचा आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहायचा. सगळ्यांना एकच सांगायचा, “वावटळ आली हो. अचानक आली. कोणाच्या हातात होतं?” आणि सगळे मान डोलवायचे, कारण वावटळ कोणाच्याच हातात नसते.

सहा आठवड्यांनी पट्टी निघाली. करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट वळेना, मूठ मिटेना. डॉक्टर म्हणाले, एवढंच राहील. मामानं भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाला, “ताई, मी आता कानाला खडा लावला. पुन्हा काडी हातात धरणार नाही.”

आई म्हणाली, “ते तुझं तू बघ. मला हात पाहिजेत. माझा एक कमी झाला, तुझे दोन आहेत. आजपासून माझं रान तू करायचंस. मी सांगेन तसं.”

“करतो.”

“आणि माझ्या रानात पुन्हा आग लागता कामा नये. कधीच.”

“मग उरलेल्या पाचटाचं काय करू?”

“ते मला काय विचारतोस? हात माझा भाजला, तुझं डोकं नाही. बघ काहीतरी.”

आईच्या त्या हुकमामागे शेतीचा काही विचार होता असं कोणी समजू नये. तिला जमिनीच्या आरोग्याबद्दल तेव्हा काहीही माहीत नव्हतं. तिला फक्त आग नको होती.

मामाला ते निव्वळ खूळ वाटलं, पण शब्द दिला होता. जळालेला तिसरा भाग आधीच मोकळा होता. उरलेल्या दोन भागांत त्यानं पाचट जसं होतं तसंच थोडं इकडे थोडं तिकडे सारलं आणि पाणी सोडलं. जे व्हायचं तेच झालं. पाणी सरीतून पुढे सरकेना. कोंब पाचटाखाली अडकले, जे वर आले ते पांढुरके आणि वाकडे. महिन्याभरानं तर तो भाग पिवळा पडला. बांधावर उभं राहिलं की डावीकडे जळालेल्या भागात हिरवागार खोडवा, उजवीकडे कावीळ झाल्यासारखा. जाणारे येणारे थांबून बघायचे. गावातला ट्रॅक्टरवाला, ज्याचं रान रस्त्याच्या पलीकडे होतं, तो तर रोज विचारायचा, “मामा, उजवीकडच्याला डॉक्टरला दाखवलंत का?”

मामी मला नंतर म्हणाली की त्या दिवसांत मामा वरून चिडलेला दिसायचा, पण आतून त्याला जरा बरं वाटत होतं. आग म्हणजे काय उगाच नव्हती, तीस वर्षं आपण काही चुकीचं केलं नाही, याचा पुरावाच समोर उभा होता. आई मात्र ऐकायला तयार नव्हती. तेव्हा तिला कागदावर दाखवून द्यावं म्हणून मामानं दोन्ही भागांतली माती दोन पिशव्यांत भरली आणि शहरातल्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. मी त्याच्याबरोबर होते, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या गोदामामागची लांबट खोली. खिडकीखाली मातीनं भरलेले कागदी खोके, प्रत्येकावर आकडा. टेबलाशी पस्तिशीची एक बाई बसली होती. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर तपकिरी डाग होते. मामानं पिशव्या ठेवल्या आणि म्हणाला, “मॅडम, तीस वर्षं आम्ही पाचट जाळतोय. यात एक जाळलेली चांगली आहे आणि एक न जाळता बिघडलेली आहे. तेवढं लिहून द्या.”

तिनं दोन्ही पिशव्यांत हात घालून माती चुरून पाहिली. “काका, या दोन्ही सारख्याच दिसतायत. तुम्ही तिसरी आणा.”

“तिसरी कुठली?”

“तुमच्या बांधावरची. जिथे नांगर फिरला नाही आणि आग लागली नाही. दोनचार ढेकळं आणा, न फोडता. शेतातलीही ढेकळंच आणा.”

मामा कुरकुरला, पण दुसऱ्या दिवशी घेऊन गेला. बाईनं काचेचे दोन पेले घेतले, पाण्यानं भरले, आणि तारेच्या लहान जाळीवर एकात शेतातलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात बांधावरचं. शेतातलं ढेकूळ पाण्यात गेल्या गेल्या फुगलं आणि फसकन विस्कटलं. मी मनात वीस मोजायच्या आत पेल्यातलं पाणी चहासारखं झालं आणि जाळीवर काही उरलं नाही. दुसऱ्या पेल्यात बांधाचं ढेकूळ शांत बसून होतं. चारदोन बुडबुडे आले. पाणी स्वच्छ.

मामा खाली वाकून बघत राहिला.  मग विचारलं, “हे एकाच रानातलं आहे?”

“तुम्हीच आणलंत ना!”

“बारा हातांचं अंतर आहे हो दोन्हींत.”

“अंतर बारा हातांचं, पण तीस वर्षांचंही,” ती म्हणाली. “माती एकत्र धरून राहते ती कुजलेल्या पाल्यापाचोळ्यामुळे, मुळांमुळे, बुरशीमुळे. त्यातला कर्ब, म्हणजे कार्बन, तुम्ही दरवर्षी धूर करून वर सोडलात. आता तिला धरायला काही नाही. पाणी पडलं की ती चिखल होते, वाळली की दगड.” मग तिनं आकडे दाखवले. शेतातला सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक अडतीस टक्के. बांधावरचा एकाहून थोडा जास्त.

मामानं शेवटचा मोहरा पुढे सरकवला. “पण मग न जाळलेला भाग पिवळा का पडला?”

ती पहिल्यांदा हसली. “पाचट कुजवणारे जिवाणू असतात ना, त्यांनाही जेवायला लागतं. नत्र लागतं. तुम्ही त्यांना वाढलं नाहीत, म्हणून त्यांनी उसाच्या ताटातलं उचललं. पुढच्या वेळी पाचटावर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाका, कुजवणारं जिवाणूखत शेणकाल्यात मिसळून शिंपडा, पाचट एकाआड एक सरीत दाबून ओलं ठेवा. आणि बुडखे कोयत्यानं अगदी जमिनीलगत छाटा. कोंब जमिनीखालच्या डोळ्यातून आला पाहिजे. वर राहिलेल्या बुडख्यातून येतो तो असाच वाकडा येतो.”

“म्हणजे चूक माझीच.”

“अर्धी तुमची. अर्धी कोणी सांगितलं नाही त्याची.”

बसमध्ये मामा उरलेलं ढेकूळ हातात घेऊन बसला. दुसऱ्या दिवसापासून त्याला नवंच वेड लागलं. तो गावातल्या प्रत्येक रानातून ढेकळं गोळा करून आणायचा. मामीच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पेल्यांची रांग लागली. प्रत्येक पेल्याखाली कागदाचा कपटा, त्यावर रानाचं नाव. पंपाजवळचं. विहिरीखालचं. ट्रॅक्टरवाल्याचं. तो स्टूल घेऊन समोर बसायचा आणि ढेकळं विरघळताना बघायचा. मामी मला म्हणाली, “त्यांना सांग बाई, पाणी प्यायला एक तरी पेला ठेवा. काल पाहुण्यांना मी वाटीतून चहा दिला.”

मी गेले तेव्हा सतरा पेले होते. सोळांतलं पाणी गढूळ, बांधाच्या ढेकळाचं तेवढं स्वच्छ. मी म्हटलं, “मामा, हे काय चाललंय?”

तो म्हणाला, “ही सगळी रानं मी पेटवलेली आहेत.”

एवढंच म्हणाला.  माणसाला आपलं चुकलं हे एकदा कळणं वेगळं आणि ते सोळा वेळा मोजून बघणं वेगळं. मामानं ते मोजून पाहिलं.

पुढच्या तोडणीनंतर त्यानं दोन्ही रानं बाईनं सांगितली तशी केली. उन्हात वाकून एकेक बुडखा छाटला. एका सरीत पाचट, दुसरी मोकळी. पाचट पायानं दाबत तो सरीतून मागेपुढे फिरायचा, तेव्हा लांबून दारूच्या नशेत चालल्यासारखा दिसायचा. ट्रॅक्टरवाल्याला ते दृश्य थट्टेसाठी पुष्कळ दिवस पुरलं. महिन्याभरानं पाचट मऊ आणि काळपट व्हायला लागलं, कोंब मात्र मातीतून सरळ वर आले. मग खत द्यायची वेळ आली. पाचट असलेल्या रानात खत वरून फेकता येत नाही. पहारीनं मुळाजवळ वीतभर खोल भोक पाडायचं, त्यात खत टाकायचं आणि बुजवायचं. याला दोन माणसं लागतात. पहार मामाकडे होती. खताची बादली आईनं कोपरात अडकवली आणि डाव्या हातानं मूठ मूठ टाकायला लागली. मी सुट्टीवर आले होते. मागून भोकं पायानं बुजवत चालले होते, म्हणून त्या दिवशीचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

तिसऱ्या सरीच्या मध्यावर मामा थांबला. पहार रोवलेलीच होती. तो तिला धरून उभा राहिला आणि आईकडे न बघता म्हणाला, “ताई, वावटळ अचानक नव्हती आली.”

आई बादलीत हात घालून तशीच उभी.

“मी माती सोडली तर ती गोल फिरली. मला कळलं होतं. पण ट्रॅक्टरवाला आणि आणखी चौघं बघायला उभे होते. आदल्या दिवशीही मी ‘आज नाही’ म्हणून परत गेलो होतो, तेव्हा ते हसले होते. मला वाटलं, होईल. मी काडी ओढली.”

“मला माहीत आहे,” आई म्हणाली.

मामानं आता तिच्याकडे पाहिलं.

“मी बांधावरून बघत होते. तू माती दोनदा सोडलीस. जन्मात कधी तू दोनदा सोडली नाहीस.”

“मग बोलली का नाहीस? दवाखान्यात सहा आठवडे मी तुझ्यासमोर बसून वावटळ वावटळ करत होतो.”

“बोलले असते तर तू रान करायला आलाच असतास. पण मान खाली घालून आला असतास.” आईनं मूठभर खत भोकात टाकलं. “मला मान खाली घातलेला माणूस नको होता. त्याच्या सऱ्या वाकड्या येतात. चल, पुढचं पाड.”

मामानं पुढचं भोक पाडलं. त्या सरीच्या शेवटापर्यंत तो पाडत गेला, ती टाकत गेली. मी मागून बुजवत गेले. मला दोघांचे चेहरे दिसत नव्हते आणि ते बरंच होतं.

त्या वर्षी खोडवा बरा आला. फार काही नाही, शेजारच्या जाळलेल्या रानाइतकाच. पण उन्हाळ्यात पाण्याची पाळी आठ दिवस लांबली तेव्हा सगळ्यांची पानं दुपारी सुरळी करून बसली आणि आमची संध्याकाळपर्यंत उघडी राहिली. एवढंच दिसलं. गावात क्रांती वगैरे काही झाली नाही.

उलट एक वाईट झालं. मामानं काडी सोडली, म्हणून गावानं थोडीच सोडली होती! लोक पेटवतच होते, फक्त आता त्यांना वारा सांगायला कोणी नव्हतं. दुसऱ्याच वर्षी ट्रॅक्टरवाल्यानं भर दुपारी पाचट पेटवलं आणि आगीनं त्याची ठिबकची नवी पाईपलाईन, पंपाची खोली आणि शेजाऱ्याच्या लिंबाच्या बागेची एक ओळ खाल्ली. तो तसाच काजळलेल्या तोंडानं मामाच्या दारात येऊन उभा राहिला.

“तुम्ही आला असता तर हे झालं नसतं!”

“मी जाळत नाही आता.”

“तुम्ही जाळत नाही, तुम्ही साधू झालात! आणि आम्ही? आम्हाला तीस वर्षं कोणी शिकवलं, पाचट पेटवायचं असतं म्हणून?”

मामी पाणी घेऊन बाहेर आली तर तो निघून गेला होता. मामा उंबऱ्यात बसून राहिला. त्याला ते लागलं, कारण ते खरं होतं. आपण हात झटकून बाजूला झालो की आपला हात स्वच्छ राहतो, पण आग काही कमी होत नाही. चार दिवस तो याच गोष्टीभोवती फिरत होता. आईला विचारलं तर ती म्हणाली, “पुन्हा त्या फंदात पडू नकोस.” मामीला विचारलं तर ती म्हणाली, “मला काय विचारता, तुमचं आधीच ठरलेलं दिसतंय.”

पाचव्या दिवशी तो ट्रॅक्टरवाल्याकडे गेला आणि आपली अट सांगितली. पुढच्या हंगामापासून ज्याला पाचट पेटवायचं असेल त्यानं मला बोलवावं. मी वारा बघेन, बांधाकडचं पाचट आत ओढून मोकळा पट्टा आखून देईन, आग बांधाशी थांबेपर्यंत उभा राहीन. काडी मी ओढणार नाही, ती तुम्ही ओढा. आणि याच्या बदल्यात मला तुमच्या रानाच्या चार सऱ्या द्यायच्या. कडेच्या. त्या जाळायच्या नाहीत. त्यांतलं पाचट मी स्वतः दाबेन, बुडखे मी छाटेन. ऊस तुमचाच.

ट्रॅक्टरवाल्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण पंपाची खोली नुकतीच जळाली होती. तो म्हणाला, “चार कशाला, पाच घ्या.”

“चार पुरेत. मला आता पाठ पण सांभाळायची आहे.”

आईला हे कळलं तेव्हा ती महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं होतं, जाळायला उभं राहणं म्हणजे जाळणंच. मामाचं म्हणणं होतं, मग उभा न राहिल्यानं जे जळतं ते कोणाच्या नावावर? दोघांचंही मला पटायचं, आणि हा वाद आजपर्यंत मिटलेला नाही. खताला मात्र ती दरवर्षी बादली घेऊन त्याच्याबरोबर जात राहिली.

चार सऱ्यांचं काम काही सरळ झालं नाही. पहिल्या हंगामात नऊ जणांनी बोलावलं. त्यांतल्या तिघांनी मामाची पाठ वळताच त्या चार सऱ्याही पेटवून दिल्या. एकाच्या सऱ्यांत उंदीर झाले आणि त्यानं मामाला चारचौघांत सुनावलं. मामा साठी ओलांडलेला. दुसऱ्याच्या रानात वाकून बुडखे छाटताना बघून लोकांना कीव यायची, हसूही यायचं. पण कडेच्या सऱ्या जायच्या यायच्या वाटेवर असतात. त्या रोज दिसतात. दुसऱ्या वर्षी त्याच रानात त्याच सऱ्या, तिसऱ्या वर्षीही त्याच. पाणी मुरून वाफसा आल्यावर मालक आपल्या रानातून चालत आला की कडेला पाय मऊ जागी पडायचा. तिथे खणलं की गांडुळं निघायची. कोणी मामाला येऊन ‘तुमचं बरोबर होतं’ म्हटलं असं मुळीच नाही. लोक एवढंच म्हणायचे, “मामा, यंदा आठ सऱ्या ठेवू म्हणतो. पण दाबायला माणूस मी लावतो, तुम्ही फक्त दाखवा.”

ट्रॅक्टरवाला तर त्याच्याही पुढे गेला. पाचटाचे बारीक तुकडे करणारं यंत्र त्यानं आणलं आणि ट्रॅक्टरला जोडून गावभर भाड्यानं फिरवायला लागला. आता तो कुठेही उभा राहून पाचट जाळण्याचे तोटे सांगतो, जणू त्यानंच ते शोधून काढले. मामा ऐकतो आणि मिशीत हसतो.

सहाव्या वर्षी प्रयोगशाळेतल्या बाईनं आईच्या रानाची माती पुन्हा तपासली. शून्य पूर्णांक अडतीसचे सत्तावन्न झाले होते. ती खूश झाली. मामा कागद हातात घेऊन म्हणाला, “सहा वर्षांत एवढंच?”

“काका, हे पुष्कळ आहे.”

“बांधाइतकं व्हायला किती लागतील?”

तिनं पेनाला टोपण लावलं. “तुम्ही करत राहा.” मामाला उत्तर कळलं. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

गेल्या वर्षी साखर कारखान्यानं शेतकऱ्यांचा मेळावा भरवला आणि मामाला व्यासपीठावर बोलायला बोलावलं. तो आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. बॉयलरचा आणि पाचटाचा धूर छातीत बसलेला आहे, चार पायऱ्या चढला की खोकला येतो. इस्त्रीचा सदरा घालून तो माईकसमोर उभा राहिला. आधीच्या वक्त्यांनी पडद्यावर तक्ते दाखवले होते. मामाकडे काही नव्हतं.

तो म्हणाला, “समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांची रानं मी पेटवलेली आहेत. फार चांगली पेटवली, कोणाचा बांध जळू दिला नाही. एकदा सोडून. ते एकदा माझ्या चुकीनं झालं, वावटळीच्या नाही. तिथे माझ्या बहिणीचा हात गेला. ती मागे बसली आहे.” सगळ्यांच्या माना मागे वळल्या. आई सरळ समोर बघत बसली. “मला वाटायचं मी रान स्वच्छ करतोय. मी ते रिकामं करत होतो. हे मला आधी माहीत नव्हतं. कळल्यावर मी पुष्कळ वाईट वाटून घेतलं, पण वाईट वाटून घेतल्यानं माती सुधारत नाही, त्याला पाचट लागतं. तुम्हाला सगळं रान एकदम बदलायची भीती वाटत असेल तर चार सऱ्या ठेवा. एवढंच.”

मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो खाली बसला. टाळ्या थोड्या उशिरा वाजल्या, कारण संपलं की नाही ते कोणालाच कळलं नव्हतं.

परत येताना आम्ही सगळे ट्रॅक्टरवाल्याच्या जीपमध्ये होतो. मामी मेळाव्याला आली नव्हती. तिचे गुडघे दुखत होते. आम्ही दारात उतरलो तशी तिनं विचारलं, “कसं झालं ह्यांचं भाषण?”

मामा आईकडे बघत उभा राहिला. इतक्या लोकांसमोर तिच्या हाताबद्दल बोललो, हे तिला चाललं की नाही याचा त्याला अंदाज येत नव्हता. वाटभर ती जीपमधून बाहेरची रानं बघत आली होती.

आईनं चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाली, “लांबवलं जरा. पण शेवटी चारचौघांत खरं बोलला.” मग मामीला म्हणाली, “चहा टाक. आणि त्याच्यात आलं जास्त घाल, ऐकतेस ना कसा खोकतोय तो.”